बिनहातांची खुर्ची

न्यू ऑर्लिन्स
सोमवार, २० फेब्रुवारी १९६१

तोल,

तुझं पत्र पोहोचलं. नाताळच्या कार्डांखेरीज तुझ्या हातचं काही या दारात येत नाही, त्यामुळे पोस्टमननंही पाकीट उलटसुलट करून पाहिलं. म्हणाला, "शिकागोला कुणी गेलं की काय?" मी म्हटलं, "जिवंत आहे. काहीतरी हवं असेल."

तसंच निघालं.

तो प्रेस्कॉट नावाचा गोरा पोरगा आपलं टेप मशीन घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आला होता, त्यानं ती टेप तुला पाठवली. तू ती ऐकलीस, पुन्हा ऐकलीस, आणि लिहितोस, "व्हारिस, म्हातारपणी तू सुधारलास. तरुणपणी बँजोवर खिळे ठोकायचास. आता चौथा ठोका अर्धवट सोडतोस, आणि तिथं मला श्वास घ्यायला जागा मिळते. एवढ्या वर्षांत मला कुणी अशी जागा दिली नाही. शिवाय तो जुन्या कातड्याचा आवाज!" जूनमध्ये रेकॉर्ड करायची आहे, मग युरोपचा दौरा. लोकांना जुना आवाज हवाय. लोकांना बँजो हवाय. म्हणून भाऊ हवाय.

लोकांना काय काय हवं असतं, तोल, याचा हिशेब आपण कधीतरी करायला हवा होता. आपल्या पणजोबांच्या बापानं भोपळ्यावर कातडं ताणून, तारा बांधून जे वाजवलं, ते त्याच्या हातचं होतं. गोऱ्यांनी ते उचललं, तोंडाला काजळी फासली आणि आपल्याच वाद्यावर आपलीच नक्कल करून सगळा देश हसवला. आपल्या लोकांना इतकी लाज वाटली की भल्या घरात बँजो पलंगाखाली गेला. तो पुन्हा बाहेर काढला कुणी? या गावातल्या बँडवाल्यांनी. रेकॉर्डिंगच्या भोंग्यापुढे तुम्ही तुतारीवाले गर्जत होता, तेव्हा तुमच्या पायाखाली जमीन कोण घालत होतं? डबल बास त्या भोंग्याला ऐकू जायचा नाही, गिटार तर डासासारखी गुणगुणायची. ऐकू जायचा तो बँजो. मग मायक्रोफोन आला, गिटारला कंठ फुटला, आणि एका हंगामात आम्ही सगळे खेडवळ ठरलो. आता तीस वर्षांनी गोऱ्या पोरांना आमची आठवण आली, म्हणून तुलाही आली.

हे सगळं मी युनियनच्या सभेत उभा राहून बोलतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. इथं टेबलाशी बसून लिहिताना नुसता दमतो.

ओडीलनं तुझं पत्र उभ्यानंच वाचलं. चुलीवर राजमा होता. सोमवार आहे, दुसरं काय असणार! तो खाली लागला तरी तिचं लक्ष नाही. काकाला अजून आपल्या जुन्या बोलीत 'नोंक'च म्हणते. मला एवढंच विचारलं, "नोंक, 'श्वास घ्यायला जागा' असंच लिहिलंय ना तुमच्या भावानं? मी नीट वाचलं ना?"

मी म्हटलं, नीट वाचलंस.

तिनं पत्र घडी करून मिठाच्या बरणीखाली ठेवलं आणि करपलेलं भांडं घासायला घेतलं. तुझ्या या मुलीबद्दल तू पत्रात एक ओळही विचारलेली नाहीस. तुला उत्तर द्यायचं आहे, पण आज देत नाही.

व्हारिस


१२ मार्च १९६१

तोल,

टेपवर मी नाही.

हे पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं, पण मला आधी थोडं ओरडून घ्यायचं होतं. तू मला ओळखतोस.

झालं ते असं. प्रेस्कॉट आला, यंत्र ओट्यावर मांडलं, मी बँजो घेतला. एक गाणं कसंबसं झालं, ते त्यानं नंतर पुसून टाकलं. दुसऱ्यात डाव्या हाताची बोटं तारेवर गेली आणि तिथंच बसून राहिली, संपावर गेल्यासारखी. डॉक्टर म्हणतो सांधे. मी पुढं ढकलत होतो. फॉस्टिन ड्रमवर होता, तो लाकडी ठोकळा वाजवायचं थांबवून म्हणाला, "व्हारिस, तू वाजवतोयस की कोंबडी सोलतोयस?" तेव्हा ओडील चुलीपासून आली, माझ्या मांडीवरून बँजो उचलला आणि माझ्या हातात पळी दिली. "नोंक, तुम्ही ढवळा. तळाशी लागू देऊ नका." टेपवर नीट कान दिलास तर पळीचा आवाज येईल. तेवढा मात्र माझा.

प्रेस्कॉटनं डब्यावर लिहिलं 'मालवो, बँजो'. खोटं नाही. तीही मालवोच आहे. आडनाव तूच दिलंस.

आता तुझ्या कानांविषयी. तीन गल्ल्यांवरून माझा बँजो ओळखतो म्हणायचास. तू ज्याला जुनं कातडं म्हणालास ते प्लास्टिक आहे. आपल्या गावची हवा ओल्या फडक्यासारखी, कातडं ढिलं पडतं. मी आयुष्यभर वाजवण्याआधी बँजो शेगडीवर धरून शेकला. ओडील दिवसभर शाळेत तिसरीच्या पोरांना शिकवते, तिला शेकत बसायला वेळ नाही. एके दिवशी मी घरी आलो तर बँजोला ते पांढरं प्लास्टिक. मी म्हटलं, "हे काय, परातीवर वाजवणार?" ती म्हणाली, "परात निदान पावसाळ्यात रुसत नाही." आठवडाभर आम्ही बोलत नव्हतो. आणि तू, शिकागोचा मोठा वादक, म्हणतोस जुन्या कातड्याचा आवाज!

पण एक गोष्ट तू बरोबर ऐकलीस. चौथा ठोका. मी कधीच सोडला नाही, अजूनही सोडत नाही. चार म्हणजे चार. मी तिला शिकवलं तेही तसंच. मग ती सोडायला कुठं शिकली?

तू गेलास तेव्हा ती चालायला लागली होती. तिची आई गेल्यावर ती आमच्याकडे आली. माझ्या बायकोनं, नोएमीनं, तिला वाढवलं, आता नोएमीही नाही. शाळेतून आली की ओडील तुझ्या रेकॉर्ड लावायची आणि ओसरीवर बसून त्यांच्याबरोबर वाजवायची. मला वाटायचं पोरीला तालाचं काही कळत नाही, मधेच कशी अडखळते. मी ओरडायचो. ती ऐकायची नाही. पुष्कळ उशिरा माझ्या लक्षात आलं. रेकॉर्डवर तू जिथं जिथं श्वास घेतोस ना, तिथं ती हात उचलते. तुझा श्वास ऐकू येतो त्या रेकॉर्डवर, बारीक, दारामागे कुणी असल्यासारखा. बाप म्हणून तुझं या घरात तेवढंच होतं. त्यावर हात पडू नये म्हणून ती ठोका गिळायची.

तुला ती जागा कुणी दिली, हे आता तुला कळलं.

मी येत नाही. माझ्याने होत नाही. तिला ने. मी तिच्यासाठी पाहुणचार मागत नाही, दया मागत नाही. बँडातली बँजोची जागा मागतोय. ती वाजवते म्हणून.

व्हारिस


१६ एप्रिल १९६१

तोल,

तुझं उत्तर वाचलं. ते मी ओडीलला दाखवणार नव्हतो. तिनं मिठाच्या बरणीखालून काढून वाचलं.

तू लिहितोस की युरोपातल्या लोकांना पांढऱ्या केसांची माणसं पाहायची असतात. तिशीतली बाई बँजो घेऊन बसली तर ते तिला सर्कस समजतील. मला म्हणतोस, 'तू ये, बोटं चालली तेवढी चालली, फोटोत तू हवास, आणि पोरीचं पुढं पाहू.'

तर मला नुसता धरून बसायला बोलावतोयस. बोटं नसली तरी चालतील, केस पांढरे हवेत! अरे, तोंडाला काजळी फासून बँजो धरणारे आणि हे, यांत फरक काय राहिला? तेव्हा त्यांना आपला रंग हवा होता आणि आपण नको होतो. आता आपलं म्हातारपण हवंय आणि आपलं वाजवणं नकोय. संगीत आपलं, आणि ते दिसावं कसं हे दुसऱ्यानं ठरवायचं! हे त्या प्रेस्कॉटनं म्हटलं असतं तर मी समजू शकलो असतो, तो पुस्तकं वाचून आलाय. तू म्हणतोस, तोल. आपल्या बापाच्या बँडात आई पियानोवर बसायची, तेव्हा तिला कुणी सर्कस म्हटलं होतं?

हे मी मोठ्यानं म्हणत असतानाच ओडील म्हणाली, "नोंक, भाषण पुरे. शेजारी बाळ झोपलंय."

मी म्हटलं, "तुझ्यासाठीच बोलतोय."

"कुणी सांगितलंय? मी तुमच्या भावाकडे काही मागायला पाठवलं होतं का तुम्हाला? तुम्ही मागता, तो नाही म्हणतो, आणि लाज माझी जाते."

"मग तुला जायचं नाही?"

तिनं खिडकी लावून घेतली. तिला जायचंय. हे मी तिच्या परवानगीशिवाय लिहितोय. शाळेत हेडमास्तरीणबाईंनी बजावलंय की बँजो आवारात आणायचा नाही. त्यांच्या दृष्टीनं तो गुलामीतला खुळखुळा आहे आणि आपल्या मुलांना आता व्हायोलिन दाखवायचं. फक्त गोऱ्यांसाठीच्या जेवणाच्या काउंटरवर बसून पोलिसांच्या गाड्या भरणारी ती शूर पोरं, त्यांच्या सभेत मी बोललो. छत हाललं. नंतर एक मुलगा हात मिळवायला आला, म्हणाला, "आजोबा, भाषण झकास! पण लोक म्हणतात तुम्ही बँजो वाजवता?" जसं काही मी दारू पितो असं त्याच्या कानावर आलं होतं. मी त्याला अर्धा तास इतिहास सांगितला. त्यानं आदरानं ऐकून घेतलं. पटलं नाही. गोऱ्यांना बँजो हवा तर आपली पोरं लाजतात, आपल्या पोरांना पटवावं तर सख्खे भाऊ फोटो मागतात. यात ओडीलनं वाजवायचं कुठं? स्वयंपाकघरात, राजम्याला?

मी थकलोय. खरंच.

आता खुर्चीचं. आपल्या बँडात कुणाला तोंडानं घेत नाहीत आणि तोंडानं काढत नाहीत, हे बापापासूनचं. खुर्च्या मांडायच्या त्या पुढाऱ्यानं, स्वतःच्या हातानं. तुझी खुर्ची मांडलेली दिसली की तू बँडात. गिटारला कंठ फुटला त्या वर्षी मी सभागृहात शिरलो तेव्हा माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, आणि माझ्या जागी गिटार घेऊन एक गुळगुळीत पोरगा बसला होता. तू तुतारीतलं पाणी झटकत होतास. माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी ओरडलो नाही, आयुष्यात एकदाच. घरी येईपर्यंत पिशवीतला बँजो इतका जड झाला होता की फॉस्टिननं तो माझ्या हातून घेतला.

त्याचा जाब मी मागत नाही. गिटारचे दिवस आले होते, तुला बँड चालवायचा होता. मी मागतोय ते एवढंच: खुर्ची मांड. काही लिहू नकोस, समजावू नकोस, युरोपचं सांगू नकोस. खुर्ची मांड किंवा मांडू नकोस. ते मला आणि तिला दोघांनाही वाचता येतं.

व्हारिस


३ जून १९६१

तोल,

तुझ्याकडून एक शब्द नाही. मीच लिहू नकोस म्हटलं होतं, तेवढं बरं मानलंस.

शाळेला सुट्टी लागली आणि ओडील आज सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे निघाली. तू बोलावलेलं नाहीस हे तिला माहीत आहे. मी विचारलं, "कशाच्या भरवशावर चाललीस?" म्हणाली, "भरवसा नाही नोंक, सुट्टी आहे."

स्टेशनवर फॉस्टिन आला होता. त्यानं तिला तळलेली कोंबडी आणि सल्ला दिला. "शिकागोचे ड्रमवाले घाई करतात. तू त्यांच्याकडे बघू नकोस, त्यांना तुझ्याकडे बघू दे." ती हसली. मग माझ्याकडे वळून माझी टाय सरळ केली, जणू गाडीत मीच बसणार होतो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "नको ना. इथं फलाटावर लोक आहेत." म्हणून मी तोंड मिटलं. गाडी हलल्यावर आठवलं की मला फक्त 'नीट जा' म्हणायचं होतं.

बुधवारी तुमचा सराव आहे असं प्रेस्कॉट म्हणाला. ती तिथं येईल. खुर्ची नसली तर ती भांडेल असं समजू नकोस. दारातूनच मागं फिरेल. न बोलता निघून जाणं तिच्या रक्तात आहे, कुणाकडून आलं ते तुला सांगायला नको.

कांदा कच्चा खात नाही. बाकी सगळं खाते.

व्हारिस


८ जून १९६१

तोल,

मिस झेलीच्या वाणसामानाच्या दुकानात फोन आला. तिनं पोऱ्याला न पाठवता स्वतः रस्त्यातून हाक मारली, "व्हारिस! शिकागो!" अख्ख्या गल्लीला कळलं. मी चपला न घालताच गेलो. झेली वजनाच्या काट्याशी उभी राहून मन लावून काहीच करत नव्हती.

"नोंक," ओडील म्हणाली, "खुर्ची होती."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तिला वाटलं फोन तुटला.

"ऐकताय ना? होती. पण कसली ते विचारा."

"कसली?"

"लाल मखमलीची! हॉटेलच्या दिवाणखान्यातली. दोन्ही बाजूंना हे एवढाले लाकडी हात, टोकाला सिंहाचे पंजे. बाकी सगळे साध्या खुर्च्यांवर, आणि मधे माझं सिंहासन. क्लॅरिनेटवाला सांगत होता, तुमच्या भावानं सकाळी ती स्वतः जिन्यानं वर आणली. पाठीवर घेऊन. कुणाला हात लावू दिला नाही."

"मग?"

"मग काय, बसले. कोपर आपटलं. बँजो आडवा धरावा तर पंजात अडकतो, उभा धरावा तर हनुवटीला लागतो. सगळे बघतायत. तुमचे भाऊ तर असे उभे, जसं काही त्यांनीच माझं कोपर आपटलं."

"अगं, बँजोवाल्याला हातांची खुर्ची चालत नाही हे त्याला…"

"विसरले असतील. तीस वर्षं गिटारवाले, पियानोवाले. चांगली म्हणून चांगली आणली."

"तू काय केलंस?"

"उठले. त्यांचं स्टूल ओढून घेतलं. म्हटलं, तुम्ही बसा मखमलीत, या वयात हात टेकायला बरं."

झेली काट्याशी फिसकन हसली. म्हणजे तिलाही सगळं ऐकू येत होतं.

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. बसले. निमूट." शिकागोपर्यंतच्या तारेतला वारा ऐकू येत होता. "पहिलं गाणं सुरू झालं. श्वासाची जागा आली तिथं मी हात उचलला. त्यांनी श्वास घेतला, आणि वाजवलंच नाही. तुतारी तोंडाशी, आणि गप्प. ड्रमवाला पुढं निघून गेला, फॉस्टिनकाका म्हणाले होते तसा. मी आपली वाजवत राहिले. एक फेरी पूर्ण झाली तेव्हा ते गाण्यात आले."

"नीट आला?"

"नीट आले, नोंक."

तिनं फोन ठेवला. झेलीनं मला लिंबाच्या सरबताची बाटली फोडून दिली आणि पैसे घेतले नाहीत, यावरून मी कसा दिसत असेन ते समज. मी दुकानाच्या पायरीवर बसून ती संपवली. तू खुर्ची मांडली नसतीस तर तुला पाठवायचं पत्र माझ्या डोक्यात तयार होतं. चांगलं होतं. सभेत म्हटलं असतं तर छत हाललं असतं. आता ते कुणाला म्हणून दाखवायचं तेच कळत नाही, आणि खरं सांगायचं तर शब्दही विसरत चाललेत.

घरात बँजो नाही, त्यामुळे मी तरी मोकळाच आहे. खुंटीकडे मात्र सारखं लक्ष जातं.

मखमलीची ती खुर्ची जिथून आणलीस तिथं परत ठेवून ये. जिन्यानं उतरवताना कुणाची तरी मदत घे, तुझी पाठ आता पोराची नाही. आणि पुढच्या सरावाला तिच्यासाठी स्वयंपाकघरातली एक साधी, बिनहातांची खुर्ची मांड. तुझं स्टूल तुला परत मिळेल.

व्हारिस